प्रेमचंदशेठ आणि आतली बातमी

मैत्रिणींनो, भिशी असो, हळदीकुंकू असो की संध्याकाळचा पनवेल लोकलचा प्रवास, हल्ली गप्पांत एक विषय हमखास निघतो. शेअर! पूर्वी हा विषय फक्त पुरुषांचा होता. आता आपल्यापैकी कितीतरी जणींची स्वतःची डिमॅट खाती आहेत आणि दुपारची झाकपाक झाली की मोबाइलवर भाव बघणाऱ्याही आहेत. आणि प्रत्येकीच्या ओळखीत कुणीतरी आतला माणूस असतोच. कुणाचा दीर औषधाच्या कंपनीत, कुणाची भाची बँकेत, तर कुणाच्या यजमानांचे मित्र तळोज्याच्या नाहीतर पाताळगंगेच्या कारखान्यात. आतल्या माणसानं सांगितलंय, एवढं म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही. पैसे लावून मोकळं!

म्हणूनच आज अशा माणसाची गोष्ट सांगायची आहे, ज्याच्याइतकी आतली बातमी मुंबईत क्वचितच कुणाकडे असेल. त्या बातमीच्या जोरावर तो मुंबईच्या बाजाराचा राजा झाला आणि त्याच बाजारानं त्याला एका दिवसात जमिनीवर आणलं. नाव प्रेमचंद रायचंद. नाव ओळखीचं नाही वाटत? मग चर्चगेटला उतरून ओव्हल मैदानाकडे गेलात तर मुंबई विद्यापीठाचा जो उंच मनोरा दिसतो, तो आठवा. राजाबाई टॉवर. ही राजाबाई म्हणजे प्रेमचंदशेठची आई.

प्रेमचंदशेठचा जन्म १८३१ सालचा, सुरतेचा. घराणं जैन, व्यापारी. वडिलांचं नाव रायचंद दीपचंद. सुरतेचं वैभव तोवर ओसरलं होतं आणि सगळा व्यापार मुंबईकडे वळला होता. रायचंदभाईही बायकामुलांसह मुंबईत आले. मुलाला त्यांनी शाळेत घातलं, तेही इंग्रजी शिकवणाऱ्या शाळेत. त्या काळी व्यापाऱ्याच्या मुलाला हिशेब आणि चोपडी लिहिता आली की पुरे, असं मानत. इंग्रजी शिकून करायचंय काय? पण हेच इंग्रजी पुढे प्रेमचंदशेठच्या कामी आलं. इंग्रजी लिहिता, वाचता आणि बोलता येणारा मुंबईतला पहिला देशी शेअर दलाल म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

त्या वेळी शेअर बाजार नावाची इमारत नव्हती. टाउन हॉलसमोरच्या मोकळ्या जागेत वडाच्या झाडाखाली मूठभर दलाल जमायचे. त्यांचा व्यवहार दोनचार बँकांच्या आणि कापूस दाबण्याच्या कारखान्यांच्या शेअरपुरताच. विशीच्या आतबाहेरचा प्रेमचंद एका दलालाकडे मदतनीस म्हणून लागला आणि थोड्याच वर्षांत स्वतंत्रपणे सौदे करू लागला. त्याची स्मरणशक्ती अफाट होती. दिवसभराचे सौदे तो कागदावर टिपतही नसे, सगळं डोक्यात ठेवी, असं सांगतात.

पण नुसत्या स्मरणशक्तीवर कुणी श्रीमंत होत नाही. प्रेमचंदशेठचं खरं भांडवल होतं माहिती. आणि ती त्यांना मिळाली कापसात.

इथे जरा आपल्या पनवेलकडे येऊ. आजचं पनवेल म्हणजे रेल्वे स्टेशन, एक्स्प्रेस वे आणि टॉवरची गर्दी. दीडपावणेदोनशे वर्षांपूर्वी मात्र पनवेल ओळखलं जायचं ते बंदरासाठी. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता सुरू झाला आणि देशावरचा माल घाट उतरून पनवेलला येऊ लागला. त्यात वऱ्हाडचा कापूसही असायचा. मैलोन् मैल बैलांच्या पाठीवरून, बैलगाड्यांतून आलेला तो माल इथे उतरायचा, खाडीतल्या पडावांत चढायचा आणि मुंबईला जायचा. गावाची नगरपालिका १८५२ सालची, म्हणजे राज्यातल्या सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकी एक. तिच्यामागे या व्यापाराचं बळ होतं. पुढे १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली, १८६३ मध्ये घाट चढून वर गेली, आणि आपलं बंदर हळूहळू ओसरलं.

आता विचार करा. यंदा पीक किती आलंय, कापूस भिजलाय की कोरडा, सरकी किती आणि रुई किती, हे आधी कुणाला कळणार? फोर्टातल्या कचेरीत बसलेल्या साहेबाला? मुळीच नाही. ते कळणार गाडीवानाला, तोलणाऱ्याला, आडत्याला, पडाव भरणाऱ्या तांडेलाला. कापसाचा भाव मुंबईत नंतर ठरायचा, त्याची चाहूल या माणसांना आधी लागायची. धंद्याच्या आतली माणसं म्हणतात ती हीच. प्रेमचंदशेठ अशा माणसांत वाढले. रुई आणि शेअर असे दोन्ही व्यवहार ते करीत, आणि कापूस पिकवणाऱ्या मुलखातून तसंच तो विकत घेणाऱ्या इंग्लंडातून खबर आणण्याची त्यांनी स्वतःची व्यवस्था लावली होती.

इंग्लंडची खबर आणायची त्यांची तऱ्हा तर बाजारात दंतकथाच होऊन बसली. त्या काळी मुंबई आणि लंडन यांच्यामध्ये थेट तार नव्हती. ती आली १८७० मध्ये. तोवर लिव्हरपूलच्या बाजारात कापसाचा भाव काय निघाला, हे टपालाच्या आगबोटीनंच कळायचं. बोट बंदराला लागणार, टपाल उतरणार, वाटलं जाणार, मग पेढ्यांवर पत्रं फुटणार. प्रेमचंदशेठ एवढं थांबत नसत. त्यांची माणसं लहान होड्या घेऊन समोर समुद्रात जात, येणाऱ्या बोटीवरून भाव काढून आणत. बाकीच्या मुंबईला बातमी कळेपर्यंत शेठजींचे सौदे झालेले असत.

याला लबाडी म्हणायचं का? माझ्या मते नाही. लिव्हरपूलचा भाव काही कुणाच्या तिजोरीतलं गुपित नव्हतं. तो जाहीरच झालेला होता, फक्त मुंबईला पोचायचा होता. होडी पाठवायला कुणालाही मनाई नव्हती. शेठजींनी कष्ट घेतले, खर्च केला, माणसं पेरली. बाजारात याला धंद्याची जाण म्हणतात. प्रेमचंदशेठच्या आयुष्याचा हा पूर्वार्ध अगदी आदर्श म्हणावा असा आहे.

उत्तरार्धाला कारण झालं ते सातासमुद्रापलीकडचं युद्ध.

१८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली. इंग्लंडच्या कापड गिरण्यांना लागणारा बहुतांश कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून येई. उत्तरेकडच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली आणि कापूस बंद झाला. लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या, हजारो कामगार बसून राहिले. मग सगळ्यांची नजर वळली हिंदुस्थानकडे, म्हणजे पर्यायानं मुंबईकडे. आपल्याकडचा कापूस आखूड धाग्याचा. एरवी त्याला नाकं मुरडणारे गिरणीवाले आता मिळेल त्या भावानं तो मागू लागले.

मुंबईत पैशांचा पाऊस पडला. युद्धाच्या त्या चारपाच वर्षांत शहराला नेहमीच्या उत्पन्नापेक्षा सात कोटी पौंडांहून अधिक जादा मिळाले, असा अंदाज जुन्या लेखकांनी केला आहे. कापसाची हाव इतकी वाढली, की लोकांनी घरातल्या गाद्या-उशा उसवून जुना कापूस काढला आणि विकला! कल्पना करा, कुठल्यातरी घरच्या गृहिणीनं वर्षानुवर्षं ऊन दाखवून जपलेली गादी, आणि तिचा कापूस चालला लिव्हरपूलला. गासड्यांत पाणी मारणं, सरकी आणि दगडमाती मिसळणं इतकं बोकाळलं, की १८६३ मध्ये मुंबई सरकारला कापसातल्या भेसळीविरुद्ध खास कायदा करावा लागला.

आता एवढा पैसा आला, तो ठेवायचा कुठे? सोनं घेऊन झालं, घरं बांधून झाली. मग निघाल्या कंपन्या. रोज नवी बँक, रोज नवी फायनान्स कंपनी, रोज नवी समुद्र बुजवून जमीन काढणारी कंपनी. १८६५ च्या सुरुवातीला मुंबईत ३१ बँका आणि जमिनीच्या ८ कंपन्या होत्या, अशी नोंद आहे. या सगळ्यांत मानाचं पान होतं बॅक बे रेक्लमेशन कंपनीचं. गिरगाव चौपाटीपासून कुलाब्याच्या बाजूला जाणारा उथळ समुद्र भरून काढायचा आणि मिळालेली जमीन विकायची, ही कल्पना. कंपनीच्या एका शेअरवर भरलेले पैसे होते ५,००० रुपये. तो शेअर चढत चढत ५०,००० रुपयांपर्यंत गेला. लक्षात घ्या, तोवर समुद्रातून जमीन वर आलेलीही नव्हती!

या कंपनीच्या उभारणीत प्रेमचंदशेठ आघाडीवर होते. एशियाटिक बँकिंग कॉर्पोरेशनच्या मागेही तेच होते. नवी कंपनी निघाली की तिचे शेअर कुणाला किती द्यायचे, हे बऱ्याचदा त्यांच्या शब्दावर ठरे. भायखळ्याच्या त्यांच्या प्रेमोद्यान बंगल्यावर सकाळपासून रीघ लागायची. त्यात देशी सावकार, साहेब लोक, कारकून आणि वकीलही असत. शेठजींनी एक चिठ्ठी दिली की माणसाचं नशीब उघडलं, असंच लोक समजत. कारण चिठ्ठीतले शेअर हातात पडण्याआधीच बाजारात चढ्या भावानं विकता येत.

पूर्वी प्रेमचंदशेठ खबर आणायला समुद्रात होडी पाठवत होते. आता सगळी मुंबई खबर आणायला प्रेमचंदशेठकडे येऊ लागली. ते जे विकत घेत, ते सगळे घेत. सगळे घेत म्हणून भाव चढे. भाव चढला म्हणून शेठजींचा अंदाज बरोबर ठरे. यात कापूस, जमीन, धंदा कुठेच राहिला नाही. राहिलं ते फक्त एका माणसाचं नाव.

आणि मग बँक. बँक ऑफ बॉम्बे ही मुंबईची मोठी, अर्धसरकारी बँक, १८४० मध्ये स्थापन झालेली. सरकारचे स्वतःचे शेअर तिच्यात होते आणि सरकारनं नेमलेले संचालक तिच्या मंडळावर बसत. पूर्वी ती जपून कर्ज देई. १८६३ मध्ये तिचा कायदा बदलला, जुनी बंधनं सैल झाली आणि कंपन्यांच्या शेअरवर कर्ज द्यायची वाट मोकळी झाली. बँकेच्या कारभाऱ्यांवर प्रेमचंदशेठची मोहिनी पडली. कुणाची पत किती, हे बँकेनं त्यांना विचारावं, त्यांनी सांगितलेल्या माणसाला कर्ज मिळावं आणि खुद्द त्यांनाही पुरेशा तारणाशिवाय मिळावं, असं सुरू झालं. ज्या बँकेनं दलालाची पारख करायची, तिनंच दलालाच्या डोळ्यांनी बघायला सुरुवात केली. आतली बातमी बाहेर येण्याऐवजी बाहेरचा माणूसच आत जाऊन बसला म्हणा ना!

याच भरभराटीच्या काळात, १८६४ मध्ये, शेठजींनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख रुपये दिले आणि त्याच वर्षी आईच्या नावानं घड्याळाचा मनोरा बांधण्यासाठी आणखी २ लाख. तेव्हाचे ४ लाख म्हणजे किती, याचा नुसता विचार करून बघा. आई राजाबाई जैनधर्माचं काटेकोर पालन करणारी, सूर्यास्ताआधी जेवण आटोपणारी. तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं, म्हणून घड्याळाच्या टोल्यांवरून तिला वेळ कळावी, अशी त्यामागे मुलाची इच्छा होती, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, इतक्या धामधुमीत मुलाला आईची आठवण राहिली, हे मनाला भावतं. सुरतेला वडिलांच्या नावानं त्यांनी मुलींची शाळा काढली. अहमदाबादच्या शिक्षकांच्या ट्रेनिंग कॉलेजलाही त्यांच्या देणगीमुळे त्यांचं नाव मिळालं. ज्या काळात मुलीच्या हातात पाटी देणं लोकांना रुचत नव्हतं, त्या काळातली ही गोष्ट आहे.

इकडे अमेरिकेत युद्ध संपत आलं होतं. ९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेचे सेनापती ली यांनी शरणागती पत्करली. ती बातमी मुंबईत पोचली आणि कापसाचा भाव कोसळला. पाठोपाठ शेअर कोसळले. गंमत अशी, की युद्ध कधीतरी संपणार, हे कळायला कुठल्याच आतल्या माणसाची गरज नव्हती. वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. पण चढत्या बाजारात ते ऐकायचं कुणाला होतं?

त्यातून बाजारात मुदतीचे सौदे झालेले होते. म्हणजे आज भाव ठरवायचा आणि पैसे अमुक तारखेला द्यायचे. अशा असंख्य सौद्यांची तारीख होती १ जुलै १८६५. त्या दिवशी देणारे देऊ शकले नाहीत, म्हणून घेणारे पुढच्यांचं देऊ शकले नाहीत. पत्त्यांचा बंगला पडावा तसे एकामागून एक लोक बुडाले. बॅक बेचा ५०,००० चा शेअर २,००० च्या खाली आला. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर एकेकाळी २,८५० रुपयांना गेला होता, तो ८७ रुपयांवर आला.

या आगीत ओल्याबरोबर सुकंही जळलं. जमशेटजी टाटा त्या वेळी पंचविशीतले. प्रेमचंदशेठच्या साथीनं निघणाऱ्या एका बँकेच्या कामासाठी ते लंडनला गेले होते. हातातल्या हुंड्यांना तिथे किंमत उरली नाही. मुंबईत त्यांच्या वडिलांना देणी भागवण्यासाठी राहतं घर विकावं लागलं. टाटांसारख्यांची ही कथा, मग ज्यांनी बायकोचे दागिने गहाण टाकून चिठ्ठी मिळवली होती, त्यांचं काय झालं असेल, हे सांगायला नकोच. त्यांच्या घरच्या बायकांची नावं कुठल्याही इतिहासात नाहीत. सौदा करताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं, मोडताना मात्र पहिला हात त्यांच्या पेटीला लागला असणार.

प्रेमचंदशेठही वाचले नाहीत. १८६६ उजाडलं तोवर देणी भागवणं त्यांच्याही आवाक्याबाहेर गेलं होतं. बँक ऑफ बॉम्बेचं जवळजवळ सगळं भांडवल बुडालं आणि १८६८ मध्ये ती गुंडाळावी लागली. सरकारनं चौकशी आयोग नेमला. त्याच्या चौकशीत प्रेमचंदशेठचं नाव पुन्हा पुन्हा आलं. त्याच १८६८ मध्ये नव्या बँक ऑफ बॉम्बेची स्थापना झाली. तीच पुढे १९२१ मध्ये इम्पीरियल बँकेत मिळाली आणि इम्पीरियलची १९५५ मध्ये झाली आपली स्टेट बँक.

बरं, एवढा जाणता माणूस फसला कसा? मला वाटतं, याचं उत्तर त्या होड्यांमध्ये आहे. जोवर खबर आणणारी माणसं तटस्थ होती, तोवर खबर खरी होती. गाडीवानाला किंवा बोटीवरच्या खलाशाला शेठजींना खूश करायचं कारण नव्हतं. भाव पडला असेल तर तो पडलाय म्हणूनच सांगायचा. पुढे त्यांच्याभोवती जमलेला प्रत्येक जण त्यांच्याच चिठ्ठीवर जगणारा होता. संचालकांपासून बँकेच्या कारभाऱ्यांपर्यंत सगळे भाव चढण्याची वाट बघत होते. अशा माणसांच्या तोंडून पडत्या भावाची खबर कशी येणार? आतली माणसं भरपूर होती, पण खरं सांगणारं त्यांत कुणी उरलं नव्हतं.

असो. प्रेमचंदशेठची गोष्ट इथे संपत नाही, आणि यासाठी मला त्यांचं कौतुक वाटतं. चाळिशी गाठायच्या आत सगळं गमावलेला हा माणूस पुन्हा कामाला लागला. पूर्वीचा दरारा परत आला नाही, पण पेढी उभी राहिली. १८७५ च्या जुलैमध्ये मुंबईच्या दलालांनी नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन स्थापन केली, प्रवेश फी एक रुपया. तिच्या संस्थापकांत प्रेमचंदशेठ होते. हीच संस्था म्हणजे आजचा दलाल स्ट्रीटवरचा मुंबई शेअर बाजार. झाडाखाली मनमानेल तसे सौदे करणाऱ्या दलालांना नियम हवेत, हे १८६५ नं शिकवलं होतं.

आणि दिलेलं दान? ते काही बुडालं नाही. १ मार्च १८६९ ला राजाबाई टॉवरची पायाभरणी झाली. आराखडा होता लंडनच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. १८७८ च्या नोव्हेंबरात २८० फूट उंचीचा तो मनोरा पुरा झाला. २०१८ पासून ओव्हलभोवतीच्या इमारतींबरोबर तोही जागतिक वारसा यादीत आहे. कलकत्ता विद्यापीठाला दिलेल्या २ लाखांतून सुरू झालेली प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती बंगालमधल्या हुशार मुलांचं स्वप्न होऊन बसली. शिवाजी महाराजांचं चरित्र लिहिणारे इतिहासकार जदुनाथ सरकार या शिष्यवृत्तीचेच मानकरी. शेअरमधले कोट्यवधी वाऱ्यावर उडाले, पण वेळीच हातावेगळे केलेले काही लाख आजही नाव राखून आहेत. १९०६ मध्ये, पंचाहत्तर वर्षांचं आयुष्य जगून प्रेमचंदशेठ गेले.

आता तुम्ही म्हणाल, दीडशे वर्षांपूर्वीच्या शेठजींचं आम्हाला काय? तर सांगते.

धंद्यातल्या माणसाकडून माहिती घेणं यात गैर काहीच नाही. उलट ती घ्यावीच. औषधाच्या दुकानात बसणाऱ्या मैत्रिणीला कुठल्या कंपनीचं औषध सारखं परत जातंय, ते कळतं. ब्युटी पार्लरवालीला कुठली क्रीम गिऱ्हाईक पुन्हा मागतं, ते माहीत असतं. न्हावा-शेव्याच्या बंदराशी संबंध असणाऱ्या घरात कंटेनरची वर्दळ वाढली की थंडावली, हे जेवताना कळतं. ही माहिती म्हणजे आपल्या होड्याच. पण ती पहिली पायरी झाली. पुढे कंपनीचा ताळेबंद बघायचा, कर्ज किती आहे, नफा खरा आहे का आणि या नफ्याला आजचा भाव शोभतो का, हे तपासायचं. चांगला माल बनवणाऱ्या कंपनीचा शेअरही चुकीच्या भावाला घेतला तर पैसे जातातच. बॅक बे बुजवायची कल्पना मुळात चूक नव्हती. पुढे तिथे जमीन निघाली, इमारतीही झाल्या. चूक होती ते ५०,००० देण्यात.

आतली बातमी दुसऱ्या प्रकारचीही असते, आणि तिच्यापासून मात्र चार हात लांब राहावं. कंपनीचे तिमाही निकाल जाहीर होण्याआधीच कळले, दोन कंपन्या एक होणार असल्याचं कळलं, मोठं कंत्राट मिळाल्याचं जाहीर होण्याआधी समजलं, तर त्यावर शेअर घेणं-विकणं हा गुन्हा आहे. प्रेमचंदशेठच्या काळात असा कायदा नव्हता. आपल्याकडे सेबीनं याचे नियम १९९२ मध्ये केले आणि २०१५ मध्ये नव्यानं कडक केले. आपल्यासाठी महत्त्वाचं असं, की हे नियम फक्त कंपनीतल्या साहेबाला नाहीत. ज्याला अशी गुप्त माहिती मिळाली, त्यालाही लागू आहेत, आणि सांगणाराही सुटत नाही. नवऱ्यानं रात्री जेवताना सांगितलं आणि बायकोनं सकाळी शेअर घेतले, तर दोघंही अडचणीत येतात. कंपन्यांमध्ये तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर झाल्यावर ४८ तास होईपर्यंत आतल्या माणसांना सौदे बंद असतात, आणि त्यांच्यावर पैशासाठी अवलंबून असलेल्या जवळच्या नातेवाइकांनाही.

म्हणून एक विनंती. खातं तुमच्या नावावर आणि सौदे करतंय दुसरंच कुणीतरी, असं तुमच्या घरात असेल तर आजच त्यात लक्ष घाला. नवरा असो, दीर असो वा भाऊ, सही तुमची असते. उद्या नोटीस आली तर तीही तुमच्याच नावानं येणार. मला त्यातलं काही कळत नाही, हे उत्तर तेव्हा चालत नाही. पासवर्ड स्वतःकडे ठेवा, महिन्याचं स्टेटमेंट वाचा, न समजलेला सौदा का केला ते विचारा. १८६५ मधल्या बायकांना विचारायची सोय नव्हती, आपल्याला आहे.

शेअर सोडून जमिनीचंही तेच. पनवेलकरांना हे वेगळं सांगायला नकोच. विमानतळाच्या घोषणेपासून २०२५ मध्ये तो सुरू होईपर्यंत आपल्या भागात आतल्या बातमीवर प्लॉट घेणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत. इथून रस्ता जाणार, तिथे स्टेशन होणार, नकाशा आतून पाहिलाय! अशा वेळी सांगणाऱ्याला तीन प्रश्न विचारावेत. हे तुम्हाला कुणी सांगितलं? ही बातमी इतकी पक्की आहे तर स्वतः न घेता मला का सांगताय? आणि मी घेतलं तर तुम्हाला काय मिळणार? प्रश्न साधे आहेत, पण उत्तर देताना सांगणारा चाचरायला लागला की आपण आपली पर्स बंद करावी.

पुढच्या वेळी मुंबईला गेलात आणि थोडा वेळ हाताशी असला, तर मुलांना राजाबाई टॉवर जरूर दाखवा. आईची गोष्ट तर सांगाच, पण तो बांधायला पैसे देणाऱ्या मुलाचं पुढे काय झालं, तेही सांगा.